गोळी चालू आहे, तरी पहाटे तीनला टक्क जाग : निद्रानाश आणि त्याच्या उपचाराबद्दल

प्रश्न थोडक्यात असा : वय ४७, नाशिकला बँकेत नोकरी. दीड वर्षापूर्वी सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या, तेव्हा दोन महिने जागरणं झाली. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण यांची झोप काही पूर्ववत झाली नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅमची गोळी दिली, सहा महिन्यांत ती ०.५ झाली. आता गोळी घेऊनही पहाटे तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत कूस बदलत पडावं लागतं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. हे मुळापासून बरं होतं का, गोळी सुटेल का, आणि झोपेअभावी पुढे स्मरणशक्ती जाणं, हार्टचा त्रास होणं असं काही होईल का?

ताई, बरं होतं. गोळीही बहुतेकांची सुटते. मात्र क्रम महत्त्वाचा : आधी झोप रुळावर आणायची, मग गोळी कमी करायची. बरेच जण नेमकं उलट करतात. एखाद्या रविवारी 'आजपासून गोळी बंद' असं ठरवतात, दोन रात्री टक्क जागतात आणि तिसऱ्या रात्री दीड गोळी घेतात. आणखी एक सांगून ठेवतो. या आजाराचा जो सर्वांत परिणामकारक उपचार आहे, त्यात अंथरुणातला वेळ वाढवत नाहीत, कापतात. हे ऐकून माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर 'डॉक्टरांना माझं दुखणं कळलंच नाही' असा भाव हमखास येतो. म्हणून आधी कारण समजावून सांगतो.

झोप कमी मिळणं आणि निद्रानाश या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मराठवाड्यात, नगरकडे बऱ्याच गावांत शेतीपंपाची थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने रात्री येते. शेतकरी दोन वाजता बॅटरी घेऊन पिकाला बारं (पाणी) द्यायला जातो, सकाळी पुन्हा कामाला. विरारहून पहाटेची लोकल धरणाऱ्या बाईला रात्री साडेअकराशिवाय पाठ टेकायला मिळत नाही. या लोकांना झोपायची संधीच अपुरी आहे. संधी द्या, दहा मिनिटांत घोरायला लागतील. निद्रानाशात संधी असते, गादी असते, अंधार असतो, वेळ असतो, आणि तरी झोप येत नाही किंवा टिकत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री, सलग तीन महिने असं चाललं आणि त्यामुळे दिवसाचा विचका होऊ लागला, की आम्ही त्याला जुनाट निद्रानाश म्हणतो. तुमचं प्रकरण यात स्पष्ट बसतं.

दवाखान्यात मी एक प्रश्न नेहमी विचारतो : दिवसा थकवा येतो की पेंग येते? निद्रानाशाच्या माणसाला थकवा असतो, डोळे चुरचुरतात, चिडचिड होते, पण दुपारी आडवं झालं तरी डोळा लागत नाही. मेंदू दिवसाही 'चालू'च असतो. याउलट जो माणूस सिग्नलला, सत्यनारायणाच्या कथेत, मीटिंगमध्ये बसल्याजागी पेंगतो, त्याला बहुधा दुसरंच काही असतं. त्याकडे पुढे येतो.

आता तुमची झोप सासूबाई बऱ्या झाल्यावरही का परतली नाही, ते पाहू. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७च्या सुमारास याची एक मांडणी केली. ती आजही आमच्या कामाचा पाया आहे. निद्रानाशाची कारणं तीन थरांची असतात. पहिला थर जन्मजात कलाचा : हलक्या झोपेचं घराणं, काळजी करणारा स्वभाव. दुसरा थर ठिणगीचा : आजारपण, बदली, बाळंतपण, कुणाचा मृत्यू, कर्ज. तिसरा थर म्हणजे त्या ठिणगीनंतर आपण झोप परत मिळवण्यासाठी जे जे करतो ते सगळं. लवकर आडवं होणं, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळणं, दुपारी भरपाई करणं, रात्री घड्याळ बघत उरलेले तास मोजणं, आणि संध्याकाळपासूनच 'आज येईल ना?' अशी धास्ती. ठिणगी विझते, पण हा तिसरा थर जळत राहतो. तुमची ठिणगी हॉस्पिटलमधली जागरणं होती. ती संपून दीड वर्ष झालं. आज तुमची झोप मोडतेय ती या तिसऱ्या थरामुळे. उपचार करायचा तोही त्याच थरावर.

लवकर आडवं झाल्याने झोप बिघडते कशी? झोपेवर शरीरात दोन यंत्रणांचं नियंत्रण असतं. ही कल्पना अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडली. एक म्हणजे भूक. जितका वेळ जागे राहाल तितकी झोपेची भूक वाढते. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, हा तिचा एक मोठा भाग. चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकं या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. म्हणजे पाच वाजताच्या चहातलं जवळजवळ निम्मं कॅफिन तुम्ही आडवं होताना अजून आतच असतं. दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर हे घड्याळ असतं. ते उजेडावर चालतं आणि अंधार पडल्यावर मेलाटोनिन सोडण्याचा हुकूम देतं. भूक पुरेशी साठलेली असणं आणि घड्याळ रात्र दाखवत असणं, या दोन्ही गोष्टी एका वेळी जुळल्या की झोप लागते आणि टिकते.

माझा अंदाज आहे की तुम्ही 'आज तरी जरा जास्त मिळेल' म्हणून दहाला आडव्या होत असाल आणि साडेसहाला उठत असाल. म्हणजे साडेआठ तास गादीवर. झोप मिळते पाच-सव्वापाच तासांची. तेवढीच झोप साडेआठ तासांवर पसरली की विरळ होणार, मध्ये भोकं पडणार. त्यातही गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात असतो आणि नंतर झोप हलकी होत जाते. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी सगळ्यांनाच थोडी जाग येते, चांगल्या झोपेच्या माणसालाही. फरक एवढाच की तो कूस बदलून पुन्हा झोपतो आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. तुम्हाला तीनला जाग येते, मोबाइलवर वेळ दिसते, 'झालं, आजचीही गेली' असं मनात येतं आणि मग छातीत धडधड सुरू होते. जाग येणं स्वाभाविक आहे. तिच्या पुढची पाच मिनिटं आजाराची आहेत.

उपचाराआधी काही गोष्टी वगळाव्या लागतात. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणता, पण कोणते रिपोर्ट? टीएसएच झालं आहे का? थायरॉइड जास्त काम करत असेल तर झोप उडते. फेरिटिन झालं आहे का? ते सहसा कुणी करत नाही. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. आपल्याकडच्या बायकांत हे फार आढळतं. रात्री आडवं झालं की पोटऱ्यांत कसंतरी होतं, पाय हलवल्याशिवाय, दाबून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, अशी तक्रार असेल तर फेरिटिन बघितलंच पाहिजे. कित्येक घरांत 'आईला रात्री पाय चेपून लागतात' म्हणून वर्षानुवर्षं जे चालतं, त्यामागे हे असू शकतं. लोह भरून काढलं की पायही शांत होतात आणि झोपही सुधारते.

४७ हे पाळी जाण्याच्या आसपासचं वय. रात्री अंगातून वाफा येऊन घामाने जाग येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यावर चांगले उपचार आहेत आणि 'या वयात व्हायचंच' म्हणून सोसायचं कारण नाही.

मघाशी म्हटलं तसं दिवसा बसल्याजागी पेंगता का, मोठ्याने घोरता का, घोरताना श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं आहे का, सकाळी डोकं जड असतं का, बीपी औषध घेऊनही चढं राहतं का? मग तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, असू शकतो. बायकांत, विशेषतः पाळी गेल्यावर, तो दिसतो पण लक्षात येत नाही, कारण घोरणं ही पुरुषांची मक्तेदारी समजली जाते. त्यासाठी रात्रभराची स्लीप स्टडी करावी लागते. अशा माणसाला झोपेची गोळी देणं धोक्याचं ठरू शकतं, कारण गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. निव्वळ निद्रानाशासाठी मात्र स्लीप स्टडीची गरज नसते. उगाच खर्च करू नका. दम्याची, बीपीची काही औषधं आणि स्टेरॉइडही झोप मोडतात. गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर एकदा पूर्ण रिकामी करा.

आणि नैराश्य. पहाटे लवकर जाग येणं, सकाळी सर्वांत उदास वाटणं आणि दिवस चढेल तसं थोडं बरं वाटणं, कशातच रस न वाटणं, जेवण न जाणं हे सगळं एकत्र असेल तर फक्त झोपेवर उपचार करून भागत नाही. जगू नये असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन उचलते आणि मराठीत बोलता येतं.

हे सगळं वगळलं असं धरून पुढे जाऊ.

निद्रानाशावरचा पहिला उपचार गोळी नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या कॉलेजने २०१६ साली आणि युरोपातल्या निद्रासंशोधन संस्थेने २०१७ साली आपापल्या मार्गदर्शिकांत तसं स्पष्ट म्हटलं आहे : आधी सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तन आणि विचार बदलणारी उपचारपद्धती. साधारण सहा ते आठ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. नाव भारदस्त आहे, पण त्यातलं निम्म्याहून अधिक काम वही-पेन आणि घड्याळावर चालतं.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त वही लिहायची. तीही सकाळी चहा घेताना, अंदाजाने. रात्री उठून वेळा टिपायच्या नाहीत. लोकांच्या वह्यांत सुरुवातीला कसं लिहिलेलं असतं, तर : 'आडवी १०.०५. लागली असेल ११.१५. जाग ३.१०. मोबाइल बघितला. ४ ला बाथरूम. ५ नंतर थोडी ग्लानी. उठले ६.३५. दिवसभर डोकं जड.' शेजारी समासात बहुतेक जण स्वतःहून एक शब्द लिहितात : 'वाईट'. सात पानं झाली की रोजची सरासरी झोप काढायची.

समजा तुमची सरासरी सव्वापाच तास, म्हणजे ३१५ मिनिटं निघाली. गादीवर तुम्ही ५१० मिनिटं असता. ३१५ भागिले ५१०, म्हणजे ६२ टक्के. चांगल्या झोपेत हा आकडा ८५च्या वर असतो. आता खरा उपचार : गादीवरचा वेळ सरासरी झोपेच्या जवळ आणायचा. तुमच्या बाबतीत साडेपाच तास. उठायची वेळ आधी ठरवायची, कारण ती आपल्या हातात असते, झोप लागायची वेळ नसते. सहाला उठायचं ठरलं तर गादीवर जायचं साडेबाराला. हो, साडेबारा. त्याआधी कितीही वाटलं तरी आडवं व्हायचं नाही. रात्र कशीही जावो, सहाला उठायचं. रविवारीसुद्धा. दुपारची वामकुक्षी बंद.

पहिले चार-पाच दिवस कठीण जातात. रात्री अकरा वाजता घरचे सगळे झोपलेले आणि तुम्ही स्वयंपाकघरात कपाटं आवरत बसलेल्या, असा प्रकार. पण याच काळात झोपेची भूक साठते. साधारण दुसऱ्या आठवड्यात लोक म्हणतात, 'पाठ टेकली आणि कळलंच नाही.' साडेपाच तासांत पाच तास सलग झोप लागली की आकडा ९१ टक्क्यांवर जातो. आठवड्याची सरासरी ८५च्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची, म्हणजे सव्वाबाराला आडवं व्हायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशोब. ८०च्या खाली गेली तर पंधरा मिनिटं कापायची, पण गादीवरचा वेळ पाच तासांच्या खाली कधीही आणायचा नाही.

हा भाग सगळ्यांसाठी नाही. फिट येण्याचा आजार असेल, कधी मॅनियाचा म्हणजे अतिउत्साहाचा झटका येऊन गेला असेल, झोपेत चालायची सवय असेल किंवा ट्रक, बस, यंत्र चालवण्याचं काम असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय झोपेचे तास कापू नका. तुम्ही बँकेत स्कूटरवर जात असाल तर पहिले दोन आठवडे रिक्षाने जा किंवा कुणाला सोडायला सांगा.

दुसरा भाग याहून जुना आहे, रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली मांडलेला. महिनोनमहिने गादीवर जागत पडलं की मेंदू गादीचं नातं जागण्याशी जोडतो. म्हणून सोफ्यावर बातम्या बघताना डोळे मिटत असतात आणि गादीवर पाऊल ठेवताच टक्क जाग येते. (हे तुमच्याही बाबतीत होत असेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.) हे नातं तोडायला नियम असा : झोप अनावर झाली तरच आडवं व्हायचं, आणि वीसेक मिनिटं जागे आहोत असं वाटलं की उठून दुसरीकडे जायचं. वीस मिनिटं अंदाजाने. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. पुन्हा पेंग आली की परत या. रात्रीतून चारदा उठावं लागलं तरी चालेल.

परदेशी पुस्तकांत 'दुसऱ्या खोलीत जा' असं लिहून मोकळं होतात. आपल्याकडे वन आरकेत पाच माणसं झोपलेली असतात, दुसरी खोली आणायची कुठून? अशा घरांत मी एक कोपरा ठरवायला सांगतो. ओट्याजवळ प्लास्टिकची खुर्ची, गॅलरीचा उंबरा, जिन्याची पायरी, काहीही. तेवढंही जमत नसेल तर अंथरुणातच, पण भिंतीला पाठ टेकून बसायचं, आडवं व्हायचं ते फक्त झोपेसाठी. एका बाबतीत लहान घरं मोठ्या फ्लॅटपेक्षा सुखी आहेत. जिथे सकाळी गादी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली जाते, तिथे गादी फक्त झोपेची राहते. फ्लॅटमधल्या डबल बेडवर मात्र जेवण, सिरियल, मुलांचा अभ्यास, लॅपटॉप आणि भांडणं असं सगळं चालतं.

सासूबाईंना किंवा यजमानांना आधी सांगून ठेवा. रात्री दीड वाजता सून खुर्चीत बसलेली दिसली तर घरात धावपळ उडते.

विचारांबद्दल थोडंच सांगतो, कारण गणित बसलं की विचार बऱ्यापैकी आपोआप निवतात. संध्याकाळी साडेसात-आठला पंधरा मिनिटं एका कागदावर उद्याची कामं आणि काळज्या लिहून काढा, प्रत्येकापुढे 'पुढचं पाऊल' लिहा आणि कागद पर्समध्ये टाका. रात्री तोच विचार आला तर तो लिहिलेला आहे एवढंच स्वतःला सांगायचं. आणखी एक युक्ती आहे, विचित्र वाटेल, पण चालते : गादीवर पडल्यावर झोपायचा प्रयत्न सोडायचा आणि डोळे उघडे ठेवून जागं राहायचा प्रयत्न करायचा. झोप ही प्रयत्नाने येत नाही. प्रयत्न थांबला की अंग सैल पडतं.

याने किती फरक पडतो? २०१५ साली २० अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा झोप लागायला लागणारा वेळ सरासरी १९ मिनिटांनी आणि मधली जाग २६ मिनिटांनी कमी झालेली दिसली. एकूण झोप मात्र सुमारे ८ मिनिटांनीच वाढली होती. शेवटचा आकडा वाचून निराश होऊ नका. रुग्णाला बरं वाटतं ते झोप सलग झाल्यामुळे आणि रात्रीची धास्ती गेल्यामुळे. तास त्यानंतर हळूहळू वाढतात. गोळीचा परिणाम गोळी थांबली की थांबतो, हा टिकतो.

आता तुमची गोळी. अल्प्राझोलाम हे मुळात चिंता आणि पॅनिकच्या झटक्यांसाठीचं औषध. आपल्याकडे ते सर्रास 'झोपेची गोळी' म्हणून दिलं जातं. या गटाच्या गोळ्यांनी झोप लवकर लागते, पण गाढ झोपेचा वाटा घटतो आणि काही आठवड्यांत मेंदू त्यांना सरावतो. ०.२५ची ०.५ झाली ती याचमुळे. शिवाय हे औषध कमी वेळ टिकणारं आहे. पहाटेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. तीनच्या जागेत गोळीचाही हात असू शकतो, हे ऐकून बहुतेक रुग्णांना धक्का बसतो. वयस्कर माणसांत या गोळ्यांनी तोल जातो. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलेल्या आजींच्या औषधांत ही गोळी सापडणं नवीन नाही. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावण्यापर्यंत प्रकरण जातं.

झोल्पिडेमबद्दलही विचारणा होते. झोप लागायला ते चांगलं आहे, पण थोड्या दिवसांपुरतं. बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली बायकांसाठीचा डोस निम्मा, म्हणजे १० वरून ५ मिलिग्रॅम केला. झोपेतच उठून स्वयंपाक करणं, गाडी चालवणं असे प्रकार घडल्यामुळे २०१९ साली त्यावर सर्वांत कडक इशाराही छापायला लावला. आपल्याकडे अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम दोन्ही शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधयादीत आहेत. चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी, असा २०१४पासूनचा नियम आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी गोळ्यांच्या विरोधात नाही. घरात मृत्यू झाला आहे, ऑपरेशन तोंडावर आहे, चार रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, अशा वेळी आठवडा-दोन आठवडे गोळी देणं योग्यच असतं. बंद करायची तारीख चिठ्ठीवरच लिहिलेली असावी, एवढाच माझा आग्रह. १९९८ साली सापडलेल्या ओरेक्सिन या जागृतीच्या रसायनाला रोखणाऱ्या नव्या गोळ्याही आता आल्या आहेत. त्यांची सवय लागण्याची भीती तुलनेने कमी दिसते. पण तिसऱ्या थरावर त्याही काम करत नाहीत. ॲव्हिल, सेट्रिझिन यांसारख्या सर्दी-खाजेच्या गोळ्या झोपेसाठी घेऊ नका. त्यांची गुंगी काही दिवसांत बोथट होते आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांनी भ्रम होतो, लघवी तुंबते. मेलाटोनिन तर आता गोड गोळ्यांच्या रूपात ऑनलाइन मिळतं. ते गुंगीचं औषध नाही, शरीराला 'रात्र झाली' असं सांगणारी सूचना आहे. न्यू जर्सीच्या मुलीकडून परतल्यावर जेटलॅगला किंवा पहाटे तीनशिवाय झोपच न येणाऱ्या तरुणाला ते उपयोगी पडतं. तुमच्यासारख्या पहाटेच्या जागेला त्याचा फारसा उपयोग नाही.

घरगुती उपायांचं मला वावडं नाही. तळपायांना काशाच्या वाटीने तूप घासणं, कोमट दूध, कोमट पाण्याने आंघोळ हे सगळं अंग सैल करतं, करा. जायफळ मात्र दुधात उगाळून वेढाभर ठीक. चमचाभर पूड घेऊन उलट्या, धडधड आणि भास होऊन आलेले लोकही पाहिले आहेत. आणि घरात कुणी 'झोप येते म्हणून' रात्री एक पेग घेत असेल तर सांगा : दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्र तीच मोडते.

हार्ट आणि स्मरणशक्तीची धास्ती. निद्रानाश वर्षानुवर्षं तसाच राहिला तर नैराश्य येण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. म्हणून तो अंगावर काढू नये. बीपी आणि हृदयविकाराशीही संबंध दिसला आहे, पण तो एका वाईट रात्रीचा हिशोब नाही. आता विसरायला होतं त्यात झोपेपेक्षा लक्ष नसण्याचा आणि गोळीचा वाटा मोठा असतो. हे बऱ्याच अंशी परतवता येतं. आणखी एक दिलासा : 'रात्रभर डोळा लागला नाही' असं सांगणाऱ्यांचा मेंदूचा आलेख काढला की त्यांनी बरीच झोप घेतलेली दिसते. ते खोटं बोलत नसतात. हलक्या झोपेत मन जागं असल्यासारखं वाटतं. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाने सकाळी दिलेले झोपेचे मार्क बघून दिवस खराब करून घेऊ नका. उपचार चालू असेपर्यंत ते काढूनच ठेवा.

गोळी कमी करायला सुरुवात करायची ती गादीचं गणित तीन-चार आठवडे बसल्यावर, आणि तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच. इतके महिने घेतलेली ही गोळी एका झटक्यात बंद केली तर धडधड, थरथर, क्वचित फिट येऊ शकते. डोस दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्क्यांनी उतरवावा. कुणाला थोडा वेग झेपतो, कुणाला नाही. अल्प्राझोलामच्या गोळीचे इतके बारीक तुकडे घरी नीट पडत नाहीत, म्हणून डॉक्टर कधी कधी जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर बदलून मग उतरवतात. प्रत्येक पायरीनंतर दोन-चार रात्री झोप बिघडेल. तो मूळ आजार परतलेला नसतो, मेंदू नव्या डोसला जुळवून घेत असतो. त्या रात्री मागच्या डोसवर पळत जायचं नाही, त्याच पायरीवर थांबायचं. वाटल्यास एक आठवडा जास्त थांबा. शेवटची पाव गोळी सर्वांत चिवट असते. तिच्यात औषध थोडंच उरलेलं असतं, आधार मोठा असतो. तिथे घाई केली नाही तरी चालते.

झोप सुधारायला दीड-दोन महिने आणि गोळी सुटायला त्यापुढे किमान पाच-सहा महिने धरा. नाशिकमध्ये सीबीटी-आय करणारं कुणी सापडलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि आठवडाभराची वही बरोबर न्या. ती पाहिली की त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. सकाळी उठल्यावर वीस-तीस मिनिटं गच्चीवर किंवा रस्त्यावर उजेडात चाला, आणि चहा दुपारी दोननंतर बंद. गोळी आजपासून कमी करू नका, पण वाढवूही नका. आणि पायऱ्या ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा : मार्चअखेरीचं बँकेचं क्लोजिंग, घरातलं लग्न, दिवाळीचे पाहुणे या आठवड्यांत डोस आहे तिथेच राहू द्या.